आपल्या शहरात प्रथमच!

हे बघ बाई, कूपन कापू नकोस, सेलला जाऊ नकोस असलं काही मी तुला सांगणार नाही. सांगितलं तरी तू ऐकायची नाहीस, आणि चुकून ऐकलंस तर मला सोलापूरला जायला सोबत कुणाची? माझं म्हणणं एवढंच, की कात्री आपल्या हातात असावी. हल्ली उलटंच व्हायलंय. बाई कूपन कापत नाही, कूपनच बाईला कापायलंय.

आता तुझे ते साबण घे. तीनावर एक फुकट म्हणून तू चार जुड्या उचलून आणल्यास. बारा विकतचे, चार फुकटचे. घरात माणसं दोन. धाराशिवात राहून तुला साबणाची चिंता पडावी, याचंच मला नवल वाटतं. आपल्याकडं साबण संपला म्हणून कुणाची अंघोळ राहिल्याचं मी ऐकलेलं नाही. राहिली ती नळाला पाणी आलं नाही म्हणून. पण दुकानात उभं राहिलं की पाणी आठवत नाही, 'फुकट' तेवढं दिसतं. खरं सांगू का, ते चार साबण कंपनीनं तुला दिलेलेच नाहीत. तिनं तिचा माल तुझ्या कपाटात आणून ठेवलाय. गोदामाचं भाडं वाचलं तिचं, आणि वर पुढचे कितीतरी महिने दुसऱ्या कुणाचा साबण तुझ्या न्हाणीत पाऊल ठेवणार नाही याची सोय झाली. ती सोय तू पैसे देऊन करून दिलीस.

आणि दुपारची ती रिक्षा! जेवणं उरकून, भांडी पालथी घालून जरा पाठ टेकावी, तर गल्लीच्या तोंडाशी ती हजर. टपावर भोंगा, दोन्ही अंगांना ताणून बांधलेलं फ्लेक्स. आधी एखाद्या हिंदी गाण्याचा तुकडा, मग तो खर्जातला आवाज: "चला, चला, चला! आपल्या धाराशिव शहरात प्रथमच! माता-भगिनींसाठी सुवर्णसंधी! फक्त तीन दिवस!" कुठल्या तरी मंगल कार्यालयात चादरी, चपला, लोणची आणि काचेच्या बरण्या असा सगळा संसार एका छपराखाली मांडलेला असतो. हे 'प्रथमच' मी या गावात सून म्हणून आल्यापासून ऐकते आहे. दरवर्षी प्रथमच. 2023 साली उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा मात्र त्या भोंग्याचं बोलणं एकदाचं खरं ठरलं. धाराशिव शहरात ते खरोखरच प्रथमच होतं.

चौथ्या दिवशी तीच रिक्षा परत येते. आता आवाज जरा मऊ: "लोकाग्रहास्तव मुदतवाढ!" हा आग्रह करणारे लोक कोणत्या गल्लीत राहतात, मला फार उत्सुकता आहे. मला अजून एकही भेटलेला नाही. माझा साधा नियम आहे, पाहिजे तर घे. तीन दिवसांच्या सेलला चौथ्या दिवशी जायचं. उरलेला माल परत टेम्पोत भरायचा विक्रेत्याला कंटाळा आलेला असतो, भावाला हात घालायला तीच खरी वेळ. सेल आवरला असेल, तरी तुझं काही बिघडलं नाही. चादरी घरात आहेतच की.

ही घाईची विद्या आता मोबाईलमध्ये शिरलीय. तिथं भोंगा नसतो, लाल अक्षरात उलटं घड्याळ पळतं. फक्त दोनच नग शिल्लक, आत्ता अमुक जण हेच बघतायत, वगैरे. केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2023 मध्ये ऑनलाइन दुकानदारीतल्या अशा तेरा फसव्या चालींची यादी काढली आणि त्यांना मनाई केली. यादीत पहिला मान खोट्या घाईला. मी ती यादी वाचली आणि दिल्लीच्या साहेबांची मला दया आली. त्यांना हे सगळं मोबाईल आल्यावर कळलं. यातल्या निम्म्या तरी चाली आपल्या बाजारपेठेत आजोबांच्या काळापासून चालू आहेत.

यादीतली एक चाल म्हणजे न मागितलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या टोपलीत हळूच सारायची. आपल्याकडं सुटे नाहीत म्हणून तळहातावर चॉकलेट ठेवतात, ती हीच. अशी पाचसहा चॉकलेटं जमव आणि पुढच्या वेळी तेल घेताना त्यालाच सुटे म्हणून दे. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

दुसरी चाल, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल असं करायचं. मोबाईलवर म्हणे तसं बटणच असतं: 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत.' अगं, साडीच्या दुकानात आणखी काय होतं? गादीवर बसवतात. पंखा आपल्याकडं वळवतात. चहा येतो. "घेऊ नका ताई, नुसतं बघा." तो मुलगा एका झटक्यात साडी उलगडून पदर आपल्या गुडघ्यावर टाकतो, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. ढीग कंबरेएवढा होतो. आपण भाव विचारतो आणि गप्प होतो. मग तो हळू आवाजात, पण शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असा विचारतो, "हलक्यातलं दाखवू का?" झालं! आपली नजर सासूबाईंकडं, सासूबाईंची पंख्याकडं. या एका प्रश्नानं मराठवाड्यात जेवढ्या भारी साड्या खपल्या असतील, तेवढ्या लग्नसराईनंही खपवल्या नसतील. तू काय करायचं, हसून म्हणायचं, "हो, दाखवा की हलक्यातलं." आणि नाही पटलं तर चहा संपवून उठायचं. घड्या घालायचा त्याला पगार असतो. आपण साडी घेतली नाही म्हणून तो मुलगा रात्री उपाशी झोपत नाही.

तिसरी, जबरदस्ती. हिचा अनुभव आपल्या दादाला विचार. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर युरियाला गेलं की पोत्याबरोबर कसली तरी बाटली किंवा पुडा घ्यावाच लागतो. "वरूनच आलंय, लिंकिंग आहे." कृषी खातं दरवर्षी बजावतं, लिंकिंग कराल तर कारवाई करू. आणि दरवर्षी दादाच्या ओट्यावर नको असलेली एक बाटली वाढते. याच्यावर विनोद मला सुचत नाही. बाकीच्या चालींत निदान नको म्हणायची सोय असते. आभाळ भरून आलेलं असताना शेतकऱ्याला तेवढीही नसते.

आता पेपरातलं कूपन. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, कारण तो आपल्या गल्लीतला खरा लोकोत्सव आहे. रोज एक क्रमांकाचं कूपन छापून येतं, ते कापायचं, तक्त्यावर त्याच्या घरात चिकटवायचं, तक्ता भरला की हमखास भेटवस्तू. त्या दिवसांत घरातला पेपर बघवत नाही. पहिल्याच पानाला खिडकी. मागच्या पानावर लातूरचा सोयाबीनचा भाव असतो, तो नेमका त्या खिडकीतून गेलेला. तुझे दाजी पेपर उजेडाकडं धरून विचारतात, "आज भाव काय निघाला?" मी म्हणते, "भिंतीवर बघा." तक्ता फ्रिजच्या बाजूला चिकटवलेला, सोयाबीन त्याच्या पोटात. डिंक आणायचा कंटाळा म्हणून काही बायका भाताच्या शितांनी चिकटवतात, मग मुंग्या एकेक क्रमांक कुरतडतात.

आणि देवाणघेवाण? "माझ्याकडं सतरा नंबर दोनदा आलाय, तुझ्याकडं बावीस आहे का?" ज्यांचं एकमेकींशी बोलणं बंद होतं त्यासुद्धा बाविसासाठी बोलल्या आहेत. इतक्या वर्षांत तंटामुक्ती समितीला जे जमलं नाही ते एका बाविसाच्या कूपननं केलं. शेवटी भेटवस्तू म्हणून मिळतो प्लास्टिकचा डबा, त्याचं झाकण एका बाजूनं बसतं आणि दुसऱ्या बाजूनं उठतं. पेपरवाल्यांना त्या डब्याच्या बदल्यात काही महिन्यांचं पक्कं गिऱ्हाईक मिळालेलं असतं. तेही जाणून आहेत, आपणही जाणून आहोत. यात मला फसवणूक दिसत नाही. पेपर आपण घेणारच होतो, वाचणारच होतो. वर डबा आला. असं कूपन बिनधास्त काप.

पण 'लकी ड्रॉ' असेल तर एक गोष्ट लक्षात ठेव, फार बायकांना ही माहीत नसते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 सालचा आहे, 2020 च्या जुलैपासून लागू झाला. बक्षीस योजनेचा निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवून ठेवणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे. ज्या पेपरात योजना छापली त्याच पेपरात वाजवी मुदतीत निकाल ठळकपणे छापला, तर तो लोकांना कळवला असं मानतात. दिवाळीत गावभर मोटारसायकलचं चित्र लावून कूपनं वाटतात ना, ती मोटारसायकल शेवटी कुणाच्या दारात गेली, हे विचारायचा तुला हक्क आहे. आपण विचारत नाही. आपल्याला लागली नाही एवढं कळलं की आपला रस संपतो. त्याच कायद्यात असंही आहे, की ज्या वस्तूचे पैसे किमतीत आधीच घेतलेले आहेत ती 'फुकट' म्हणून भासवायची नाही.

आणि पोस्टानं जे पाकीट येतं, नखानं खरवडायचं, खरवडलं की चारचाकी निघते, ते सरळ चुलीत घाल. फोन करून म्हणतात, गाडी तुमचीच, फक्त कर आधी भरा. बक्षीस द्यायला जो पैसे मागतो तो चोर. याच्यावर विचार करायला एक मिनिटसुद्धा घालवायचं नाही.

कूपनाचं हे खूळ काही आपल्याकडंच जन्माला आलं असं समजू नकोस. अमेरिकेत कोका-कोलावाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'एक पेला फुकट' अशा चिठ्ठ्या वाटल्या, तेव्हापासून ते चालू आहे. आपल्या देशातला किस्सा मात्र त्याहून झकास. तमिळनाडूत 1983 साली सी. के. रंगनाथन नावाच्या तरुणानं चिक शाम्पूच्या पुड्या काढल्या. त्यानं जाहीर केलं, कुठल्याही कंपनीच्या रिकाम्या पुड्या दुकानात आणून द्या, चिकची एक पुडी फुकट न्या. मंडळी दुसऱ्यांच्या पुड्या गोळा करायला लागली. लोकांच्या डोक्याला चिकची सवय झाल्यावर त्यानं हळूच अट बदलली: आता फक्त चिकच्याच रिकाम्या पुड्या चालतील. काय डोकं आहे बघ! आधी दुसऱ्याचं गिऱ्हाईक आपल्याकडं ओढलं, मग दार लावून घेतलं. मला या माणसाचा राग येत नाही, उलट कौतुक वाटतं. पण हिशेब शिकायचा असेल तर असल्याकडून शिकावा.

हिशेबावरून आठवलं. तुझं गणित शाळेत बरं होतं, दुकानात गेल्यावर कुठं जातं? पुडक्यावर '20 टक्के जास्त' लिहिलं म्हणजे 20 टक्के सूट नव्हे. 100 ग्रॅमच्या भावात 120 ग्रॅम मिळाले, तर सूट पडते साधारण सोळा-सतरा टक्के. 'पन्नास अधिक वीस टक्के सूट' म्हणजे सत्तर नव्हे; हजाराचे झाले पाचशे, त्या पाचशेवर वीस टक्के, म्हणजे चारशे द्यायचे. सूट साठच. 'मोठा पॅक, मोठी बचत' हेही दरवेळी खरं नसतं. शाम्पूची बाटली आणि रुपयाच्या पुड्या यांचा मिलिलिटरला भाव काढून बघ, कित्येकदा पुड्याच स्वस्त पडतात. आता तर वेष्टनावर एक ग्रॅमचा किंवा एक मिलिलिटरचा भावही छापावा लागतो. तो असतो, पण कोपऱ्यात, वेष्टनाच्या घडीखाली. चष्मा घेऊन जा. मी नेते.

छापील किंमत, ती एमआरपी, म्हणजे वरची हद्द. तिच्यावर एक पैसा घ्यायचा नाही, एवढाच तिचा अर्थ. तिच्यापेक्षा कमीत मागायला कुणी बंदी केलेली नाही. आपल्या पिढीला बाजारात भाजीवालीशी एका जुडीसाठी दहा मिनिटं हुज्जत घालता येते, आणि काचेच्या दाराच्या दुकानात गेलं की वाचा बसते. मला तर वाटतं हे उलटं हवं.

वजनाकडंही लक्ष ठेव. पाचाचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं पाचालाच मिळतो म्हणून आपण खूश असतो. पुड्याची किंमत तीच राहते, बिस्किटं बारीक होत जातात. पुडा हातात घेतला की किंमत नको बघूस, निव्वळ वजन बघ.

जाहिराती मात्र मला बघायला आवडतात, हे खरं. दूरदर्शनवर 1980 च्या दशकात सर्फची ललिताजी यायची. पांढरी निळ्या काठाची साडी, भाजीवाल्याशी घासाघीस आणि तो करारी चेहरा. आईला ती फार आवडायची. म्हणायची, "बाई असावी तर अशी, हिशेबी." आणि आणायची निरमा. निरमाच्या स्वस्ताईनं सर्फला घाम फोडला होता, म्हणून तर ललिताजीला पडद्यावर आणलं होतं. आईनं जाहिरात सर्फची घेतली, शहाणपण ललिताजीचं घेतलं आणि पावडर स्वतःच्या हिशेबानं घेतली. जाहिरात बघायची रीत याहून चांगली कुणी शिकवली असेल असं मला वाटत नाही.

ललिताजीची जागा आता भावांनी घेतलीय. ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1500 रुपये खात्यात यायला लागले, आणि गावातले सगळे दुकानदार एकाएकी आपले सख्खे भाऊ झाले. 'लाडक्या बहिणींसाठी खास ऑफर.' कुकरवर ऑफर, मोबाईलवर ऑफर, नथीवर ऑफर. आपले दोन सख्खे भाऊ भाऊबिजेला ओवाळणीत काय घालतात ते तुला माहीत आहे. या नव्या भावांना ओवाळणी आपणच घालायची असते. पैसे कुठून आले यावरून ते कुठं जावेत हे दुकानदारानं का ठरवावं? पोरीची फी भर, दात दुखतोय तो काढून घे, नाहीतर पोस्टात आवर्ती ठेव काढ. कुकर फुटेल तेव्हा बघू.

एसटीचं अर्धं तिकीट मात्र मला मनापासून मान्य. 17 मार्च 2023 पासून बायकांना निम्म्या भाड्यात प्रवास. कूपन नाही, खरवडणं नाही, अटी नाहीत, कंडक्टर आपसूक अर्धं तिकीट फाडतो. पण त्या अर्ध्या तिकिटानं आपण केलं काय? सोलापूरच्या सेलला जायला लागलो. चपलेवर दीडशे वाचले म्हणून आनंद, आणि त्यापायी रिक्षा, उसाचा रस, दुपारचं जेवण, शिवाय 'आलोच आहोत तर' म्हणून घेतलेली चादर. 'आलोच आहोत तर' हे शब्द कुठल्याही जाहिरातीत नसतात, पण सगळ्यात जास्त माल तेच खपवतात. सोलापूरला जाऊ नये असं नाही. जाऊ या. पण हिंडायला जातोय असं म्हणून जाऊ, बचतीचं नाव घेऊन नको.

गर्दी असेल तिथून मात्र लांब राहा. दुकानाच्या उद्घाटनाला रुपयात साडी, दहा रुपयांत साडी असली आमिषं दाखवतात. तेलंगणात सिद्दीपेटला 2019 मध्ये दहा रुपयांच्या साडीसाठी चेंगराचेंगरी होऊन बायका जखमी झाल्या. दहा रुपयांत तर आता धड वडापावही येत नाही. मग साडी कुठून येणार, एवढं तरी विचारावं.

बाकी भिंतींवर जे रंगवलेलं असतं, मुतखडा सात दिवसांत, साखर कायमची गायब, मूल हमखास, त्यावर मी फार बोलत नाही. मधुमेहासारखे आजार बरे करतो अशी जाहिरात करायलाच 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. म्हणजे जो भिंत रंगवतो त्यानं तिथंच कायदा मोडलेला असतो. त्याच्या हातात नाडी द्यायची की नाही, तू ठरव. 'शून्य टक्के व्याज' ही तशीच भिंत. रिझर्व्ह बँकेनंच 2013 साली बँकांना बजावलं, की शून्य टक्के असं काही नसतं; व्याज प्रक्रिया शुल्कात, नाहीतर वस्तूच्या किमतीत लपवलेलं असतं. आणि घराला रंग काढशील तेव्हा पेंटर अमुकच कंपनीचा डबा आणा म्हणून हटून बसला, तर झाकण उघडताना जवळ उभी राहा. आत टोकन निघतं, ते त्याच्या खिशात जातं. त्याला ते मिळू दे, गरीब माणूस आहे. पण सल्ला कुठून येतोय तेवढं आपल्याला ठाऊक असावं.

आपल्या जिल्ह्याला बाजार काही नवा नाही. तेरचं जुनं नाव तगर. दोन हजार वर्षांपूर्वी तिथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जायची आणि तिथून समुद्रापार. 'पेरिप्लस' नावाच्या जुन्या ग्रीक ग्रंथात तशी नोंद आहे. एकावर एक फुकट असल्याचा त्यात उल्लेख नाही. आणि त्याच तेरचे कुंभार संत गोरोबाकाका. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून थापटणं घेऊन त्यांनी जमलेल्या संतांची डोकी वाजवून पाहिली, कोण पक्कं, कोण कच्चं. नामदेवांसारख्यांनाही सोडलं नाही. उन्हाळ्यात माठ घेताना आपण बोटानं टिचकी मारून कान देतोच की नाही? जाहिरातीलाही तशीच टिचकी मारायची. 'पर्यंत' हा शब्द शोधायचा: 'पन्नास टक्क्यांपर्यंत सूट' म्हणजे एका रुमालावर पन्नास आणि बाकी सगळ्यावर पाच. 'अटी लागू'ची चांदणी शोधायची. 2022 च्या केंद्राच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे खालची सूचना वरच्या दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टायपात हवी. वर मराठीत ढोल आणि खाली इंग्रजीत मुंगी, असं चालत नाही.

बिल मागायला लाजू नकोस. आपल्याकडची बिलं कशी असतात, वर 'श्री तुळजाभवानी प्रसन्न' आणि खाली 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. वरची ओळ मी मानते, खालची मानत नाही. माल सदोष निघाला तर बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, तो परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा कायद्यानं अनुचित प्रथाच आहे. बिल न देणंही त्यातच येतं. दुकानात मोबाईल नंबर मागतील, "नंबर सांगा ताई, बिल निघत नाही." नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवू नका, असं ग्राहक मंत्रालयानं मे 2023 मध्ये व्यापाऱ्यांना सांगितलंय. नंबर दिलास, की तुझ्या वाढदिवसाला पहिली शुभेच्छा पादत्राणांच्या दुकानातून येणार. आणि ज्या पिशवीवर त्यांचीच जाहिरात छापलीय तिचे पैसे मागितले तर देऊ नकोस. आधी न सांगता असे पैसे लावणं गैर आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर 2020 मध्ये एका मोठ्या दुकानाविरुद्ध दिलाय. घरची कापडी पिशवी ने. त्यांची पिशवी गावभर मिरवायची म्हणजे आपणच ती दुपारची रिक्षा व्हायचं, आणि डिझेलही आपलंच.

हे सगळं एकटीनं लढायचं नाही. पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत काढली, मुंबईची 1975 ची. मुंबईच्या पंचायतीनं काय केलं, शेजारच्या घरांचे संघ केले, सगळ्यांची वाण्याची यादी एकत्र केली आणि माल एकदम ठोक घेऊन वाटून घेतला. ती खरी सूट. ना चांदणी, ना चिठ्ठी. आपल्या गल्लीत बाविसाव्या कूपनासाठी ज्या बायका जमतात, त्यांनीच मिळून भूमचा खवा, वर्षाची तूरडाळ आणि तिखट एकदम घ्यायचं ठरवलं तर कुणाची हरकत आहे? पावसाळ्याआधी हे जमवायचं माझ्या मनात आहे. पाच किलोच्या डाळीसाठी तुझं नाव मी धरलंय. नको असेल तर आत्ताच सांग.

आणि कुठं अडलंस, कुणी बिल नाकारलं, बक्षीस लावून दिलंच नाही, सदोष माल परत घेईना, तर 1915 ला फोन कर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात. तिथं नाहीच मिटलं तर आपल्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. वस्तूसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. बिल तेवढं जपून ठेव. 1915 चा फोन फुकट आहे, आणि या एका फुकटावर चांदणी नाही.